इलास्टिक आणि बक्रम

माझ्या मोठ्या भावाचं बीपी पहिल्यांदा मोजलं तेव्हा यंत्रातला पारा काच फोडून वर गेला, छताच्या पंख्याला लागला आणि पंखा उलटा फिरायला लागला. ही गोष्ट मी भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत इतक्या ओसऱ्यांवर सांगितली आहे, की आता मला स्वतःला तो पंखा दिसतो. खरं घडलं ते एवढंच: जालन्याच्या दवाखान्यात कंपाउंडरनं एकदा मोजलं, पट्टा सोडला, परत बांधला, परत मोजलं आणि आत जाऊन डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. बाईंनी स्वतः मोजलं. वरचा आकडा दोनशेला टेकला होता.

भाऊ म्हणाला, "म्याडम, जल्दी करा. दुकान टाकून आल्तो."

मी जालन्यात, नवीन जालन्याच्या बाजूला राहतो आणि बियाण्याच्या कंपनीत फिल्डवर आहे. फिल्डवर म्हणजे दिवसभर बांधावर उभं राहून बोलायचं. बियाण्याबद्दल खोटं बोललं तर पुढच्या हंगामात गावात पाय ठेवता येत नाही, म्हणून बियाण्याबद्दल मी खरं बोलतो आणि बाकी सगळ्याबद्दल मोठं बोलतो. शेतकऱ्यांनाही ते चालतं. चहा त्या मोठ्या बोलण्यावरच मिळतो.

भाऊ माझ्या उलट. त्याच्या तोंडून एक वाक्य काढायचं तर वैनीला दोनदा विचारावं लागायचं. तो भोकरदनला टेलर. आमच्या घरात त्याच्याआधी कोणी सुई धरली नव्हती. तो पोरवयात एका उस्तादाकडं काज-बटण करायला बसला आणि कटर होऊनच उठला. मुख्य रस्त्यावर एका खोलीचं दुकान, मागं राहायची खोली, पुढं लाकडी फळ्यांचा ओटा, आत कटिंगचं टेबल आणि दोन मशिनी. एकीवर तो, दुसरीवर वैनी.

रेडिमेड आल्यापासून टेलरकडं काय उरलं, ते त्याच्या दुकानात बसलं की कळायचं. जूनमध्ये शाळेचे ड्रेस. लग्नसराईत आहेरात आलेले शर्ट-पँटचे पीस, जे माणसं पेटीत ठेवून विसरतात आणि दुसऱ्याच्या लग्नाला जायची वेळ आली की घेऊन पळत येतात. आणि चौदा एप्रिलची जयंती. जयंतीला आमच्याकडं पांढरा शर्ट लागतो, नवा लागतो, आणि आमच्या गल्लीचा हट्ट असा की तो माझ्या भावानं शिवलेलाच लागतो. मार्च संपता संपता दुकानात पांढऱ्या कापडाच्या अशा थप्प्या लागायच्या, की संध्याकाळी बल्ब लावायची गरज नसे, रस्त्यावरच्या गाड्या दिवसा डिपर देत जायच्या. हे मीच सांगतो. पण त्याच्या कॉलरीबद्दल मी काही वाढवून सांगत नाही. ती मानेला अशी बसायची की माणूस शर्ट घालून आपोआप ताठ चालायचा. मिरवणूक दुकानासमोरून जायची तेव्हा भाऊ ओट्यावर उभा राहायचा आणि कोणाचं तोंड बघायचा नाही. कॉलरी बघायचा.

तर त्या पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला घाईनं सोडलं नाही. गळ्यातल्या रक्ताच्या नळ्यांची सोनोग्राफी केली, आणि मग कागदावर एक नळी काढून त्याला समजावत बसल्या. बाई तरुण होत्या. असल्या माणसाला भीती घालून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं असावं.

"काका, ही नळी म्हणजे नुसता पाइप नाही. हिच्या भिंतीत दोन महत्त्वाची प्रथिनं असतात. एक इलास्टिन. हृदयाचा ठोका पडला की नळी फुगते आणि हे तिला परत जागेवर आणतं. दुसरं कोलॅजेन. ते फारसं ताणत नाही. नळी फाटू नये म्हणून ते असतं."

भावानं कागदाकडं बराच वेळ बघितलं. "म्हंजे एक इलास्टिक अन् एक बक्रम."

बाईंना बक्रम माहीत नव्हतं. भावानं मान पुढं केली आणि स्वतःच्या कॉलरीचं टोक त्यांच्या हाताशी आणलं. "दाबून पाहा. कॉलर ताठ राह्यला आत घालतेत ते."

मी म्हणालो, "म्याडम, ह्या कॉलरीवरून एकदा ट्रॅक्टर गेल्ता. ट्रॅक्टर पंक्चर."

"तू गप राह्य," भाऊ म्हणाला. बाई मात्र हसल्या, आणि त्याच शब्दांत पुढं बोलायला लागल्या.

"बीपी जास्त असलं की प्रत्येक ठोक्याला ते इलास्टिक जास्त ताणलं जातं. वर्षानुवर्षं. मग त्याचे धागे झिजतात, तुटतात. शरीर दुरुस्ती करायला जातं, पण इलास्टिन त्याला नव्यानं नीट विणता येत नाही. ते लहानपणीच विणून होतं, पुढं जवळजवळ नाहीच. म्हणून तुटलेल्या जागी शरीर कोलॅजेन भरत जातं."

"इलास्टिकच्या जागी बक्रम लावतं? येडं हाय की मंग शरीर. कमरंला बक्रम लावल्यावर मानूस बसंल कसा?"

"नाहीच बसणार. नळी जाड होते, कडक होते. मग ठोक्याचा धक्का ती स्वतः झेलत नाही, तसाच पुढं ढकलते. आणि पुढं बारीक नळ्या असतात. मेंदूत, डोळ्यात, मूत्रपिंडात. मार तिथं बसतो. शिवाय नळी कडक झाली की वरचा आकडा अजून चढतो."

"बीपीनं नळी कडक, अन् कडक नळीनं बीपी."

"बरोबर."

"मंग गोळीनं इलास्टिक परत येतं का?"

"गेलेलं येत नाही. गोळी ताण कमी करते, उरलेलं टिकतं. गोळी रोज घ्यायची, बंद करायची नाही."

भोकरदनच्या बसमध्ये तो खिडकीला बसला होता. मी त्याला सोडायला निघालो होतो. सगळी वाट तो गप्प होता, पण ते गप्प राहणं मला ओळखीचं होतं. कपडा टेबलावर अंथरून खडू हातात घेतल्यावर तो असाच गप्प व्हायचा. मनात कटिंग चाललेलं असायचं. मला वाटलं, घाबरला असेल. तो घाबरला नव्हता. त्याला सगळं समजलं होतं, आणि पुढं जे झालं ते त्या समजण्यातूनच झालं.

शाळेच्या चड्ड्या आणि स्कर्ट शिवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. इलास्टिकबद्दल त्याची मतं पक्की होती. बायका पोरांचे ड्रेस न्यायला आल्या की तो, जो एरवी बोलायचा नाही, त्यांना सांगायचा: एकच चड्डी रोज घालू नका. एक घाला, एकीला आराम द्या. इलास्टिकला आराम भेटला की ते दम धरतं. रोज रोज ताणलं की सैल पडतं. दुकानातलं इलास्टिकचं रीळही तो न ताणता, ढिलं गुंडाळून, उन्हापासून लांब एका डब्यात ठेवायचा.

आता ह्या माणसाला सांगितलं की तुझ्या नळ्यांत इलास्टिक आहे आणि ते ताणानं झिजतं. त्यानं हिशोब केला तो टेलरचा. ताण कधी येतो? सीझनला. जयंतीला, जूनला, लग्नाच्या तिथी दाट असल्या की. तेव्हा गोळी घ्यायची. सीझन उतरला की ताण नाही, मग गोळी कशाला? नळीला आराम, गोळीलाही आराम. त्याचं म्हणणं, रोज घेऊन घेऊन गोळीसुद्धा सैल पडत असणार. हे त्यानं वैनीला चड्डीचा दाखला देऊन इतकं पटवून दिलं, की वैनी मला नंतर म्हणाली, "मला तं वाटलं, डॉक्टरीणबाईंनीच असं सांगितलं."

आणि दवाखान्यात हे कधी उघडं पडलं नाही, कारण दाखवायला तो सीझनमध्येच यायचा. जयंतीच्या सामानाला, म्हणजे पांढरे धागे, बटणं, बक्रम न्यायला जालन्याला यायचा आणि त्याच फेरीत बीपी मोजून घ्यायचा. तेव्हा गोळी चालू असायची. आकडा बरा असायचा. बाई म्हणायच्या, "छान काका, असंच ठेवा." भाऊ असंच ठेवायचा. अशी काही वर्षं गेली.

मी ह्या वर्षांत त्याच्या बीपीच्या गोष्टी वाढवतच नेल्या. भावानं रागानं मशीनवर पाय ठेवला की ती न शिवता पळते. भावाच्या दंडाला पट्टा बांधला की पट्ट्याची शिवण उसवते आणि तो तिथंच बसून शिवून देतो. हसनाबादच्या बाजारात माझी ही गोष्ट एकानं मलाच सांगितली, आणि वर म्हणाला, "खरी हाय, माझ्या साडूनं डोळ्यानं पाहिली."

पौषात लग्नं नसतात. जानेवारीचं कोवळं ऊन होतं. दुकानात काम नव्हतं म्हणून भाऊ ओट्यावर चहा घेत बसला होता. गोळी बंद होती, आरामाचे महिने होते. वैनी आतून बोलत होती आणि तो हूं हूं करत होता. मग हूं थांबलं. तिनं मान वर करून बघितलं तर कप त्याच्या हातात होता, पण वाकडा, आणि चहा शर्टावरून खाली चालला होता. आणि ज्या माणसाला कपड्यावर खडूची रेघ जादा पडली तर चालायचं नाही, तो त्या डागाकडं बघतसुद्धा नव्हता.

वैनीचा फोन आला तेव्हा मी एका शेतात टाळ्या वाजवून गोष्ट सांगत होतो. "भावजी, तुमचे भाऊ बोलून राह्यले, पण शब्द येऊन न्हाई राह्यले," एवढं म्हणून ती थांबली. शेजाऱ्याच्या जीपमधून त्याला जालन्याला आणलं. उजवा हात पडला होता, उजवा पाय ओढत होता, जीभ जड झाली होती.

मेंदूतली एक बारीक नळी बंद पडली होती. डॉक्टरीणबाई आल्या आणि पहिलं त्यांनी गोळ्यांबद्दल विचारलं. वैनीनं सरळ सांगितलं, कारण तिच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

"सीझनला घेतात?" बाईंनी विचारलं. "म्हणजे काय?"

वैनीनं सांगितलं. चड्डी, इलास्टिक, आराम, सगळं. बाई ऐकत राहिल्या. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. रागावल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट वाटलं. त्या भावाच्या कॉटजवळ बसल्या.

"काका, नळीला सीझन नसतो. तुम्ही रिकामे बसलात, झोपलात, तरी ठोका पडतोच. प्रत्येक ठोक्याला ती ताणली जाते."

भावाचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. शब्द जुळवायला त्याला फार वेळ लागला. "चड्डी तं... रात्री काढतेत."

"हो. ही काढता येत नाही."

तेव्हा तो बाईंकडं असा बघत राहिला, जसा चुकीच्या मापानं कापलेल्या कपड्याकडं बघायचा. कापलेल्या कपड्यावर तो कधी ओरडायचा नाही. हात फिरवायचा आणि बाजूला ठेवायचा.

व्हरांड्यात एका सिस्टरनं सहज माझ्याही दंडाला पट्टा बांधला. माझंही वर होतं. तेव्हापासून मी रोज गोळी घेतो आणि गोष्ट सांगताना मध्येच स्वतःची नाडी धरून बघतो. लोकांना वाटतं, तो गोष्टीचाच भाग आहे.

त्याला घरी आणलं. पाय सुधारला, काठी घेऊन चालायला लागला. जीभही बरीच सुटली. राहिला हात. रबरी बॉल दाबायचा, बोटं उघडायची-मिटायची, असा व्यायाम दिला होता. तो व्यायाम भाऊ नोकरीसारखा करायचा. एकच धरून बसला होता: जयंतीच्या आत कैची धरायची. वैनीला सरळ शिवण यायची, काज-बटण यायचं, पण कापायला तोच लागायचा. कटर नसला की टेलरचं दुकान म्हणजे नुसतं मशीन ठेवायची जागा. त्याला कापता आलं असतं तर दुकान राहणार होतं, आणि दुकान राहिलं असतं तर तोही राहणार होता. हे आम्ही कोणी बोललो नाही. सगळ्यांना माहीत होतं.

मार्चमध्ये पांढरे पीस यायला लागले. लोकांना त्याची तब्येत माहीत होती, तरी आले. म्हणाले, "घाई न्हाई भाऊ, तुम्ही बरे झाल्यावर कापा." वैनीनं भावाकडं बघितलं. भावानं डाव्या हातानं खूण केली, घे. थप्पी वाढत गेली.

एका रविवारी मी गेलो तेव्हा तो टेबलापाशी उभा होता. जुनी चादर अंथरलेली होती. त्यानं उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं कैचीच्या मुठीत एकेक करून घातली आणि हात उचलला. कैची उचलली गेली नाही. बोटांतून सरकून टेबलावर पडली. मग डाव्या हातात घेतली. पण टेलरची कैची उजव्या हाताची असते. डाव्या हातानं दाबली की पाती एकमेकांपासून फाकतात आणि कापड कापलं जात नाही, मधे दुमडतं. चादरीला त्यानं नुसते चावे घेतल्यासारखं झालं.

"दादा, सरक," मी म्हणालो. "मी कापतो. तू नुसतं सांग. मी असं कापीन की दिल्लीवरून गिऱ्हाईक येतील."

तो सरकला. त्यानं सांगितलं, मी कापलं. घाम गाळून, जीभ बाहेर काढून कापलं. शेवटी कॉलरीचा तुकडा उचलून त्याच्यापुढं धरला.

त्यानं तो उलटा-पालटा केला. "हे कोणासाठी हाय?"

"का?"

"दोन मान्सं मिळून घालतील."

वैनी मशीनवर हसली आणि हसता हसता उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला त्याला तपासायला जालन्याला नेलं. गोळी रोज चालू होती. वैनी समोर उभी राहून द्यायची आणि तोंड उघडून दाखवायला लावायची. आकडा चांगला आला. भाऊ खुर्चीत सरसावून बसला.

"म्याडम, आकडा बराबर हाय. मंग आता नळी पैल्यासारखी झाली का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही काका. ताण कमी झालाय. भिंतीत जे भरलं गेलंय ते थोडंफार नरम पडेल, पण तुटलेले धागे येणार नाहीत."

"अन् हात?"

बाईंनी त्याचा हात हातात घेतला, बोटं उघडून बघितली, दाबायला सांगितलं. त्यानं दाबलं. म्हणजे दाबल्यासारखं तोंड केलं.

"जेवण, आंघोळ, ह्यात थोडी मदत होईल इतका कदाचित येईल. कैची धरण्याइतका येईल, असं मी सांगणार नाही."

एरवी असल्या वेळी मी काहीतरी ठोकून दिलं असतं. परतूरच्या एका माणसाचा हात कसा बारा वर्षांनी उठला आणि उठल्या उठल्या त्यानं सावकाराच्या कानाखाली वाजवली, हे माझ्या जिभेवर तयार होतं. मी भावाकडं बघितलं आणि ते गिळलं. तो माझ्याकडं बघतही नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं कापड परत करायला घेतलं. बाजूच्या टेलरांकडं देऊ म्हटलं तर त्यांचे स्वतःचेच गिऱ्हाईक रांगेत होते. लोक येत आणि भाऊ थप्पीतून त्यांचा पीस काढून देई. कोणाचा कुठला हे त्याला बोटाला कळत असे, डाव्या बोटालाही. "रेडिमेड घ्या औंदा," एवढंच म्हणायचा. लोक कापड हातात धरून उभेच राहायचे, जणू कापड न ठेवता ह्या दुकानातून कसं निघावं ते त्यांना आठवत नव्हतं.

जयंतीच्या दिवशी मी सकाळीच भोकरदनला गेलो. विहारात वंदनेला तो काठी टेकत आला. अंगात मागच्या वर्षीचा शर्ट होता. बटणं वैनीनं लावली होती. वरचं राहिलं होतं, ते मी लावलं. एवढ्या वर्षांत त्याच्या गळ्याला मी कधी हात लावला नव्हता. कॉलर कडक होती, आणि तिच्या खाली ती नळी उडत होती. मी बोट जरा जास्त वेळ ठेवलं असेल.

"बटन लागलं," तो म्हणाला. "काढ हात."

उन्हं उतरल्यावर मिरवणूक निघाली. आम्ही ओट्यावर बसलो. गल्लीतले एक वयस्कर गुरुजी मिरवणुकीतून बाजूला होऊन आमच्याकडं आले. अंगात जुनाच शर्ट, काखेत पांढरा पीस, घडीही न मोडलेला.

"मी काई रेडिमेड घेतला न्हाई," ते म्हणाले. "हे ठिव. पुढल्या जयंतीला शिव. मला घाई न्हाई."

भावानं पीसवर डावा हात ठेवला. कापडाचा पोत बघितल्यासारखा अंगठा फिरवला. मग पीस त्यांच्याकडं सरकवला.

"दुसरीकडं द्या, गुरुजी."

"अरे, वर्षभर वेळ हाय."

"न्हाई. दुसरीकडं द्या."

गुरुजींनी पीस उचलला. तो परत काखेत घेऊन ते माणसांत मिसळले.

डीजेची गाडी दुकानासमोर आली आणि थांबली. पोरं नाचायला लागली. त्या आवाजाचं मी नेहमी सांगतो की दारातले रांजण स्वतःहून पाणी सांडतात. पण आज खरोखरच ओट्याच्या फळ्या खालून थरथरत होत्या, शटर वाजत होतं. समोरून पांढरे शर्ट चालले होते, पांढऱ्या साड्या चालल्या होत्या. गुरुजींचा सोडला तर सगळे शर्ट नवे होते. भाऊ कॉलरी बघत नव्हता. निळा गुलाल उडत होता तिकडं बघत होता.

त्याचा उजवा हात आम्हां दोघांच्या मधे फळीवर पडलेला होता, तळवा वर. माझी नजर तिकडं गेली. बोटं हलत होती. करंगळी, मग तिच्या शेजारचं. बारीक, पण हलत होती.

"दादा!" मी ओरडलो. आजूबाजूचे वळून बघायला लागले. "दादा, बोटं! हलून राह्यले! वैनी, या भाईर, हात हलला!"

वैनी धावत बाहेर आली. भावानं खाली बघितलं. बघत राहिला, म्हणजे क्षणभर त्यालाही वाटलं असावं.

मग म्हणाला, "डीजे हाय तो."

गाडी पुढं सरकली. फळी शांत झाली. त्यानं डाव्या हातानं उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला.